ओरडायची शिकवणी

गुंडप्पांनी उभ्या आयुष्यात बायकोवर हात उचलला नाही. ही गोष्ट लातूरच्या निम्म्या बाजारपेठेला ठाऊक होती, कारण सांगणारे ते स्वतःच होते. गोलाईच्या चौकातल्या त्यांच्या कापडाच्या दुकानात बस्ता बांधायला वऱ्हाड आलं की चहा मागवता मागवता, समाजाच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, विषय असो नसो, अप्पा म्हणायचे, "आमच्या घरात बाईमाणसावर हात टाकायची रीत न्हाई बघा." ऐकणारे माना डोलवायचे. आणि अप्पा खोटं बोलत होते असंही नाही. ते हात उचलतच नसत. ते चिमटा काढत.

चिमटासुद्धा चार माणसांतच. घरात दोघंच असली तर त्याची गरज पडत नसे, तिथं नुसते डोळे वटारले तरी भागायचं. पण पाहुण्यांत, मांडवात, दुकानात उमादेवी काही भलतं बोलून गेल्या की अप्पांचा हात पदराखालून त्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूला जायचा, मांस बोटांत धरायचा आणि पिळायचा. चेहऱ्यावरचं हसू तसंच, समोरच्याशी बोलणं चालूच. आणि भलतं म्हणजे तरी काय? सुनेच्या भावानं साडीची तारीफ केली तेव्हा "सेलमधली हाय" म्हणाल्या, म्हणून चिमटा. ह्यांना हल्ली जिना चढताना दम लागतो असं व्याह्यांना सांगितलं, म्हणून चिमटा. एकदा कुणाच्या तरी बारशात नुसत्या मोठ्यानं हसल्या, तर त्यालाही.

लग्न झालं त्या वर्षी, पहिल्या चिमट्याला, उमादेवींच्या तोंडून 'स्स' असा आवाज निघाला होता. त्यावर अप्पा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नव्हते. निलंग्याकडं माहेरी गेल्यावर त्यांनी आईला, म्हणजे अव्वाला, सगळं सांगितलं. अव्वानं ज्वारी पाखडता पाखडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चार माणसांत आवाज काढू नको बाई. गिळून टाक." उमादेवींनी गिळलं. पुढं इतकं गिळलं की कुठंही दुखलं तरी त्यांचे ओठ आपोआप घट्ट मिटायला लागले. बायका म्हणायच्या, उमाकाकूंचा चेहरा बघा किती शांत. बायकांचं काय जातंय म्हणायला!

तर अशा घरात बत्तासा आला.

आणला नातीनं. सृष्टी नांदेडला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. होस्टेलच्या मागं एका कुत्रीला पिल्लं झाली, बाकीची कुणी कुणी उचलली, एक उरलं. ते ही बया पाठीवरच्या बॅगेत घालून एस्टीनं लातूरला घेऊन आली. पांढरं, गोल, पायांपेक्षा पोट मोठं. खाली ठेवल्या ठेवल्या ते फरशीवर मुतलं आणि तडक जाऊन अप्पांच्या धोतराचा सोगा धरून ओढायला लागलं.

"हे काय ध्यान आणलीस गं?" अप्पा म्हणाले.

"मी काही करणार न्हाई त्याचं, आत्ताच सांगते," सून मंजुश्री म्हणाली. मुलगा रविकिरण नुसता हसला. घरात काहीही झालं तरी रविकिरण आधी हसायचा आणि मग वडलांच्या तोंडाकडं बघून हसणं ठेवायचं की थांबवायचं ते ठरवायचा. सृष्टी दोन दिवस राहून नांदेडला परत गेली आणि पिल्लू साहजिकच आजीच्या गळ्यात पडलं.

उमादेवींना आधी वाटलं, आणखी एक काम वाढलं. पण दुपारी सगळे आपापल्या वाटेला गेले की हे पिल्लू त्यांच्या समोर बसायचं आणि त्या काही बोलायला लागल्या की मान वाकडी करून शेवटपर्यंत ऐकायचं. मध्येच उठून जायचं नाही, "बरं बरं" करायचं नाही. उमादेवी त्याला निलंग्याच्या गोष्टी सांगायच्या, भाजीवाल्यानं कसं फसवलं ते सांगायच्या. आपल्याला इतकं बोलायला येतं हे त्यांनाच नवीन होतं.

खोड एकच, पिल्लू चावायचं. रागानं नाही, खेळात. पण दात सुईसारखे. रविकिरणचे घोटे, मंजुश्रीच्या निऱ्या, अप्पांचा अंगठा, कुणाला म्हणून सोडलं नाही. आणि सगळ्यांत जास्त उमादेवींना. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. सकाळी त्या विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसल्या की बत्तासाची चैन व्हायची. पूजेत हलायचं नाही, बोलायचं नाही, नजर लिंगावरून काढायची नाही. हे त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, तेवढ्या वेळात तो त्यांच्या पायाची बोटं एकेक करून चावून काढायचा.

सृष्टीला उदगीरचं स्थळ आलं होतं, सुपारी फोडून लग्न पक्कं करायचं तेवढं राहिलं होतं. एके दिवशी अप्पांच्या अंगठ्यातून रक्त आलं आणि त्यांनी निकाल दिला.

"सृष्टीची सुपारी फुटायच्या आत ह्याचं चावणं थांबलं पायजे. उदगीरच्या पाहुण्यांना चावलं तर माझी शोभा व्हायची. न्हाई थांबलं तर शेषेरावला सांगतो, घेऊन जाईल रेणापूरच्या शेतावर."

रेणापूरचं शेत म्हणजे काय ते उमादेवींना माहीत होतं. तिथलं मागचं कुत्रं फवारणीच्या पिंपातलं पाणी पिऊन मेलं होतं. त्याच्या आधीचं ट्रॅक्टरखाली गेलं. सालगडी शेषेराव माणूस वाईट नव्हता, पण शेत बघायचं की कुत्रं बघायचं? हे एवढंसं पिल्लू तिथं पावसाळासुद्धा बघणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

सृष्टीनं नांदेडहून फोन करून जनावरांच्या डॉक्टरला घरी पाठवलं. तरुण पोरगा, उदगीरला शिकलेला. त्यानं बत्तासाला लस टोचली आणि मग पाटावर बसून सगळ्यांना समजावलं.

"मारू नका त्याला. मारलं की त्याला वाटतं तुमी बी खेळायलाव. चावलं की मोठ्यानं ओरडायचं, खरंखुरं, दुखल्यासारखं. आणि पाठ फिरवून निघून जायचं. खेळ बंद. पिल्लं एकमेकांत असंच शिकत्यात. एक चावतं, दुसरं केकाटतं. मग त्याला कळतं, आरं, ह्याला दुखलं. कळलंच न्हाई तर सोडंल कशाला? त्याच्या मनात तर पाप नसतं."

"एवढंच?" रविकिरणनं विचारलं.

"एवढंच. पण घरातल्या सगळ्यांनी, दर टायमाला. एक जण जरी गप बसला तर ते त्यालाच चावत राहणार." मग त्याचं लक्ष उमादेवींच्या हाताकडं गेलं. "आई, तुमाला तर लई चावलंय. बघू."

त्यानं हात धरून वर केला, पदर सरकला. ब्लाउजच्या बाहीखाली दंडावर आतल्या बाजूनं रुपयाएवढा डाग होता, मध्ये काळानिळा आणि कडेनं हिरवट. आठवड्यापूर्वी उदगीरचे पाहुणे सृष्टीला बघायला येऊन गेले होते, त्या दिवशीचा.

"हे एवढ्या वर कसं काय पोचलं?" डॉक्टरनं विचारलं. "आणि दाताची खूण तर दिसंना."

उमादेवींचे ओठ मिटले. अप्पा पेपर वाचत होते, ते वाचतच राहिले. बोलली मंजुश्री. "झोपल्यावर अंगावर चढतंय ना," ती म्हणाली आणि उठून कप गोळा करायला लागली. तिनं उमादेवींकडं पाहिलं नाही. पण तिला कळलंय हे उमादेवींना कळलं, आणि ते काही आजच कळलेलं नाही हेही कळलं. डॉक्टरला दारापर्यंत सोडायला मंजुश्रीच गेली.

दुसऱ्या दिवसापासून घरात ओरडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. रविकिरण नाटकी ओरडायचा. मंजुश्रीला नाटकाची गरजच नव्हती, तिचा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा. अप्पा तर असे गरजायचे की बत्तासा सोफ्याखाली जाऊन बसायचा. आठवडा झाला नाही तोच त्यानं ह्या तिघांना चावायचं सोडलं. आता तो फक्त एकीलाच चावायचा.

उमादेवींना ओरडताच येईना. बत्तासानं मनगट धरलं की त्या तोंड उघडायच्या, गळ्याच्या शिरा ताणायच्या, डोळ्यांत पाणी यायचं आणि आवाज? आवाज नाही. नुसती हवा. बत्तासा बघायचा, काहीच बिघडलं नाही असं धरून आणखी जोरात चावायचा. सृष्टी रोज फोनवर शिकवणी घ्यायची.

"आज्जी, ओरड ना! माझ्यासमोर ओरड एकदा. म्हण, आई गं!"

"आई गं," उमादेवी म्हणायच्या, देवाचं नाव घ्यावं इतक्या हळू.

"अगं असं न्हाई! असं कोण ओरडतं? दुखलंय ना तुला?"

"दुखलंय की."

"मग सांग ना त्याला!"

सांगणं एवढं सोपं असतं तर! मंजुश्री पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, तुमीच त्याला बिघडवलाव. आमाला चावतंय का ते आता?" अप्पा म्हणाले, "हिच्यानं व्हायचं न्हाई. शेषेरावला फोन करून ठेव रे." उमादेवींना आतून संताप आला. कुणावर ते त्यांना नीट कळेना, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून त्यांनी मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकले, बटण दाबलं आणि त्या गरगराटात तोंड उघडून पाहिलं. मिक्सर बंद केल्यावर कळलं की आपला आवाज मुळात निघालाच नव्हता. शेंगदाण्याचं तेल सुटेपर्यंत त्यांनी हा उद्योग केला. संध्याकाळी कूट इतकं का म्हणून मंजुश्रीनं विचारलं, तर त्यांनी कूट डब्यात भरायला घेतलं.

पाहुणे यायला चार-पाच दिवस उरले असतील. उमादेवी पूजेला बसल्या होत्या. तळहातावर लिंग, कपाळावर ओली विभूती, नजर स्थिर. बत्तासा आला, त्यानं पायाचं करंगळीचं बोट धरलं आणि मागच्या दाढेत घालून कडकन दाबलं.

"अव्वा गं!"

आवाज असा निघाला की ताम्हनातली पळी खणखणली. उमादेवी स्वतःच दचकल्या. 'आई गं' नाही, 'अव्वा गं'. अव्वा जाऊन तीस वर्षं होऊन गेली होती. गिळून टाक म्हणून सांगणारी ती, आणि गिळलेलं बाहेर आलं ते तिचंच नाव घेऊन.

बत्तासा मागं सरकला. कान पडले, शेपूट पोटाशी गेली. तो त्यांच्याकडं असा बघत राहिला की जणू त्यांना पहिल्यांदाच बघतोय. मग पोटावर सरपटत पुढं आला, ज्या बोटाला चावला होता तेच बोट चाटायला लागला, आणि चाटता चाटता घशात कुंई कुंई करायला लागला. तळहातावरचं लिंग सांभाळत उमादेवी रडल्या. बोट दुखत होतं म्हणून नाही. इतकं सोपं होतं ह्याचं त्यांना रडू आलं.

"पूजेत काय बोंबलायलीस?" बाहेरून अप्पा ओरडले.

ह्या वेळी उमादेवी घाबरल्या नाहीत.

त्यानंतर बत्तासानं त्यांना दोनदा का तीनदा धरलं असेल. दर वेळी "अव्वा गं!" आणि दर वेळी त्याचे दात जागच्या जागी थांबले. शेवटी शेवटी तर तो त्यांचा हात तोंडात धरायचा, पण अंडं धरावं तसा. दात लागले तर बाईसाहेब ओरडतात, हे पक्कं झालं होतं. समोरच्या तुळजाबाई दारातून म्हणाल्या, "वहिनी, आवाज हाय की तुमाला! आमाला वाटलं होतं मुक्याच हाव." उमादेवी हसल्या, मोठ्यानं. आणि एक झालं. गळा एकदा मोकळा झाला तो मोकळाच राहिला. तव्याचा चटका बसला, "अव्वा गं!" कपाटाच्या दारात बोट सापडलं, "अव्वा गं!" ओठ मिटायच्या आधीच तोंड उघडायला लागलं. अप्पा पेपरातून वर बघायचे, पण घरात परकं माणूस नसल्यानं काही करायचे नाहीत.

सृष्टी सुपारीच्या आदल्या दिवशी आली. तिनं बत्तासाच्या तोंडात आपलं मनगट घातलं, तो नुसता चाटत राहिला. "आज्जी, पास झालीस!" म्हणून तिनं उमादेवींना मिठी मारली. अप्पांनीही बघितलं. "ठीक हाय," ते म्हणाले, "राहू दे. पण पाहुणे असेपर्यंत मागं बांधून ठेवायचं. अन् कुणाला काही केलं तर मग माझ्या नावानं रडायचं न्हाई." सुपारीच्या दिवशी रविकिरणनं स्वतः पिल्लाला मागच्या मोरीत नेऊन कपडे धुवायच्या मशीनच्या पायाला बांधलं आणि दाराला कडी लावली. हे सगळ्यांनी पाहिलं. पुढं कुणाला ते आठवलं नाही ही गोष्ट वेगळी.

उदगीरचे शिवप्पा सहकुटुंब आले. त्यांचं तेलाचं मोठं दुकान होतं, मुलगा सत्यम पुण्याला नोकरीला. सत्यम दिसायला नीटस, हसरा. जुनी माणसं असती तर बायका आत बसल्या असत्या, पण अप्पांना आपलं घर पुढारलेलं आहे हे दाखवायचं होतं, म्हणून त्यांनी उमादेवींना सोफ्यावर आपल्या शेजारी बसवलं. उजव्या बाजूला. त्यांचा उजवा हात मोकळा राहील असं.

पोहे झाले, मानपान झाला, स्वामींचं नाव घेऊन झालं. सुपारी ताटात तयार होती. शिवप्पांच्या बायकोनं सहज विचारलं, "सैपाक येतो ना पोरीला?"

"येतो म्हंजे?" अप्पा म्हणाले. "घरातला सगळा सैपाक तीच बघती. पुरणपोळी म्हणू नका, धपाटे म्हणू नका."

सृष्टीनं मान खाली घातली. उमादेवींना तिच्याकडं बघून हसू आलं, मायेचं. "कुठलं हो," त्या म्हणाल्या, "चहा ठेवला तरी उतू घालवती अजून. शिकंल की हळूहळू, तिला..."

पदराखालून हात आला. बोटांनी जुनी जागा बरोबर शोधली, धरली आणि पिळली.

"अव्वा गं!"

बैठकीतले सगळे दचकले. शिवप्पांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. आणि त्याच क्षणी, घराच्या पार मागून, मोरीच्या बंद दाराआडून, कुंई कुंई असा आवाज यायला लागला. बत्तासा माफी मागत होता. तिथं बांधलेला असून, दात कशालाही लागलेले नसून, उमादेवी ओरडल्या म्हणजे आपलंच काही चुकलं असणार असं त्याला वाटलं होतं. सगळ्या घरात तेवढ्या एकालाच वाटलं.

"काय झालं?" शिवप्पांच्या बायकोनं विचारलं.

अप्पांचा हात कधीच मांडीवर आला होता. "कुत्रं," ते म्हणाले, शांतपणे. "पोरीनं पिल्लू आणलंय. चावरं हाय जरा."

शिवप्पांच्या बायकोनं पटकन पाय सोफ्यावर घेतले. "अगं बाई! मला लई भ्या वाटतं कुत्र्याचं. कुठाय?"

"हाव, लई चावतंय," रविकिरण उठत म्हणाला. आपणच कडी लावून आलोय हे जणू त्याच्या गावीच नव्हतं. "सोफ्याखालून पळालं वाटतं." आणि तो खरोखर वाकून सोफ्याखाली बघायला लागला. मंजुश्री ताटातल्या सुपारीकडं बघत होती.

उमादेवींनी एकेकाकडं पाहिलं. बोललं तर काय होईल ते त्यांना दिसत होतं, सुपारी ताटात तशीच राहील, नातीचं नाव खराब होईल. नाही बोललं तर रेणापूर. फवारणीचं पिंप. मागून कुंई कुंई चालूच होतं.

"कुत्रं मागं बांधलंय," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, पण होता. "ते चावलं न्हाई. ह्यांनी चिमटा काढला मला."

 सृष्टीनं मान वर केली. अप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं ओली व्हायला लागली. आणि मग शिवप्पा हसले. पोट धरून हसले.

"आरं तिच्या! अप्पा, ह्या वयात बी? हात उचलत न्हाई म्हणता अन् चोरून चिमटे काढायलाव व्हय!"

सगळी बैठक फुटली. शिवप्पांची बायको पदर तोंडाला लावून हसली, रविकिरण हसला, अप्पा तर सगळ्यांत मोठ्यानं हसले, "काय करता, सवय हाय जुनी," म्हणाले. सत्यमनं हसत हसत सृष्टीकडं डोळ्यानं काहीतरी खूण केली. उमादेवींना वाटलं, बाही वर करून दाखवावी. पण हसणाऱ्या माणसांना डाग दाखवून काय होतं? "प्रेम हाय हो प्रेम," शिवप्पांची बायको म्हणाली आणि त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. सुपारी फुटली. पेढे वाटले. उमादेवींच्या तोंडात कुणीतरी पेढा कोंबला, तो त्यांना गिळावा लागला.

पाहुणे गेले. अप्पांनी फोन काढला आणि शेषेरावला म्हणाले, "सकाळी खत न्यायला येशील तवा घरावरून ये. कुत्रं न्यायचंय."

"का?" सृष्टी भडकली. "त्यानं काय केलं? बाबा, तुमीच बांधलं होतं ना त्याला!"

"पाहुण्यांत नाव खराब झालं ना त्याचं," रविकिरण म्हणाला. "तुझ्या सासूला भ्या वाटतं. आता येणं-जाणं वाढणार."

"आज्जीनं सांगितलं ना सगळ्यांसमोर कुणी काय केलं ते!"

ह्यावर रविकिरणनं वडलांच्या तोंडाकडं पाहिलं आणि तो गच्चीवर निघून गेला. सृष्टी आजीजवळ येऊन बसली, दंडाला हात लावू लागली, तर उमादेवींनी हात मागं घेतला. पोरीचं लग्न ठरलं होतं. तिला आत्ताच काय काय दाखवायचं? त्यांना वाटलं आपण चूक करतोय, तरी त्यांनी पदर ओढून घेतला.

भांडी घासता घासता मंजुश्री हळूच म्हणाली, "आई, तेवढं गिळलं असतं तर बत्तासा राहिला असता." ती वाईट मनानं बोलली नव्हती. तिचे डोळे भरलेले होते. पण उमादेवींना तिचा इतका राग आला की हातातला तांब्या त्यांनी ओट्यावर आपटला.

सकाळी शेषेराव छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला, मागं खताची पोती. बत्तासाला गाडीचा फार आनंद झाला. तो पोत्यांवर चढला, पोत्याची सुतळी धरून ओढायला लागला, वरून उमादेवींकडं बघून भुंकला, म्हणजे तुम्हीही चला. सृष्टी खोलीतून बाहेरच आली नाही. उमादेवींनी शेषेरावला सांगितलं, फवारणीचं पिंप झाकून ठेव, पाणी वेगळं ठेव, भाकरी दुधात कुस्करून दे. शेषेराव "हाव माय, हाव माय" करत होता आणि गाडी चालू करत होता. ते ऐकत ऐकत उमादेवींना कळत होतं की ह्यातलं काही होणार नाही.

गाडी निघाली.  बत्तासा पोत्यावर उभा राहून बघत राहिला. कोपऱ्यावर वळताना पडला, पुन्हा उठला, आणि मग दिसेनासा झाला.

समोरच्या दारात रांगोळी काढत असलेल्या तुळजाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागं त्यांची सून, वरच्या बाल्कनीत आणखी कोणी कोणी. "काय ओ वहिनी, पाठवलाव व्हय पिल्लाला? शेवटी चावलंच म्हणं पाहुण्यांत?"

अप्पा फाटकाशी उभे होते, चेहऱ्यावर दुकानातलं हसू. "काय करता," ते म्हणाले, "जनावरच ते."

"त्यानं कुणालाबी चावलं न्हाई, तुळजाबाई," उमादेवी म्हणाल्या. "त्याला तर..."

अप्पांचा हात गेला. कदाचित अप्पांनी तो पाठवलाही नसेल. इतक्या वर्षांची वाट, हात आपला आपण गेला, पदराखाली, कालच्याच दुखऱ्या जागेवर.

"अव्वा गं!" उमादेवी ओरडल्या. आणि ह्या वेळी थांबल्या नाहीत. पाठ फिरवून आतही गेल्या नाहीत. "अव्वा गं! अव्वा गं!" फाटकाला धरून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, गिळलेलं सगळं एकदाच बाहेर काढावं असं ओरडत राहिल्या. खिडक्या उघडल्या. पलीकडचा दूधवाला सायकल धरून उभा राहिला. मंजुश्री ओल्या हातांनी दारात आली, तिच्या मागं सृष्टी.

तुळजाबाई रस्ता ओलांडून पळत आल्या. "काय झालं? काय झालं वहिनी? काय चावलं?"

 अप्पांनी हात मागं घेतला होता आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं. तुळजाबाईंनी फाटकाखाली बघितलं, पायरीमागं बघितलं, गल्लीच्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं गाडी कधीच गेली होती. मग त्यांनी हळूच मान वर करून अप्पांकडं बघितलं.